तीन दिवस उशिरा आलेला प्रवाह: गाओपिंग घळई, ऑगस्ट २००९

रविवारी सकाळी नागपुरात, गोकुळपेठेतल्या माझ्या घरी भूविज्ञानाची सात-आठ मुलं जमतात. कुणी एम.एस्सी. करतंय, कुणी सरकारी भूवैज्ञानिकाच्या परीक्षेच्या मागे आहे. शिकवणी म्हणावी तर फी नाही. तर्री-पोहे मात्र आळीपाळीनं आणायचे. महिन्यातून एकदा आम्ही एखादी घडलेली गोष्ट घेतो आणि ती पूर्ण उकलेपर्यंत सोडत नाही. नियम एकच: आधी घड्याळ, मग कारण. काय कधी झालं हे कागदावर उतरेपर्यंत का झालं यावर कुणी तोंड उघडायचं नाही. नियम मीच केला आणि या वेळी मोडलाही मीच.

प्रकरण समुद्राचं होतं. शून्य मैलाच्या दगडापासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र दूरच. आमच्यापैकी तिघांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण परीक्षेला टर्बिडिटी करंट येतो, म्हणजे गाळानं जड झालेल्या पाण्याचा तळाला धरून वाहणारा लोंढा. आणि मुलं बुमा क्रमातले, म्हणजे अशा लोंढ्यानं टाकलेल्या गाळातले, पाच थर पाढ्यासारखे म्हणून दाखवतात. खाली जाड रेती, वर बारीक, शेवटी चिखल. तो लोंढा सुटतो कधी, असं विचारलं की मात्र एका ओळीत उत्तर येतं: भूकंप, वादळ, पूर. ही एक ओळ मला खटकत होती, म्हणून तैवानची ही घटना निवडली.

घड्याळ

७ ऑगस्ट २००९ च्या रात्री मोराकोट नावाचा टायफून तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, हुआलिएनजवळ, जमिनीवर आला. वारा फार भयंकर नव्हता, पण वादळ रेंगाळलं. त्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची दमट हवा त्याच्याकडे ओढली गेली आणि दक्षिण तैवानच्या डोंगरांवर ती नुसती ओतत राहिली. आलिशानच्या डोंगराळ भागात तीन-चार दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. नागपूरला दोन पावसाळ्यांत मिळूनही इतका पडत नाही.

हे पाणी उतरलं गाओपिंग नदीत. नदी लहान आहे: लांबी १७१ किलोमीटर, पाणलोट ३,२५७ चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर जिल्ह्याचा जेमतेम एक तृतीयांश. पण तिच्या माथ्यावर ३,९५२ मीटर उंचीचा युशान आहे आणि तिथून समुद्रापर्यंतचा उतार घसरगुंडीसारखा. डोंगर वयानं तरुण, खडक भेगाळलेले, भूकंप नेहमीचे. १९९९ च्या २१ सप्टेंबरला ची-ची भागात झालेल्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपानं मध्य तैवानचे उतार इतके खिळखिळे केले, की पुढची काही वर्षं तिथल्या नद्यांतून गाळ वाढलेलाच राहिला.

९ ऑगस्टला सकाळी शियाओलिन गावावर डोंगर कोसळला. चारशेहून जास्त माणसं गेली. गाव ज्या छिशान नदीच्या काठी होतं, ती गाओपिंगचीच उपनदी. आम्ही हा आकडा वाचला तेव्हा टेबलावर पोह्यांचा डबा उघडा होता आणि थोडा वेळ कुणी त्याला हात लावला नाही. गाळ म्हटलं की आपण टन मोजतो. त्या गाळात घरं होती.

त्याच ९ तारखेला नदीचा पूर टिपेला असताना समुद्रात काहीतरी झालं. नदीच्या मुखापासून सुमारे एक किलोमीटरवरच समुद्रतळाची घळई सुरू होते. जमिनीवरच्या दरीसारखीच, फक्त पाण्याखाली. ती वळणं घेत साधारण २६० किलोमीटर जाते आणि पुढे मनिला खंदकाला मिळते. या वाटेवरून दूरसंचाराच्या केबली आडव्या गेलेल्या आहेत. ९ तारखेला त्यांतल्या घळईच्या वरच्या भागातल्या केबली तुटल्या.

मग पाऊस थांबला. पूर ओसरला. १२ ऑगस्टपर्यंत नदीचा विसर्ग नेहमीच्या पातळीजवळ आला होता. आणि त्या दिवशी दुसरा प्रवाह सुटला. पहिल्यापेक्षा जबर. त्यानं घळईतल्या आणि पुढे खंदकातल्या केबली एकामागून एक तोडल्या आणि ४,००० मीटरपेक्षा खोल तळापर्यंत, उगमापासून ३७० किलोमीटरहून लांब तो गेला.

मी मुलांना दिलेल्या कागदावर प्रश्न होता: 'वादळामुळे केबली तुटल्या. कशा?' भंडाऱ्याची मुलगी बराच वेळ तारखा बघत होती. मग म्हणाली, "सर, पण बारा तारखेला वादळ होतं कुठं?"

कारण मी प्रश्नातच लिहून ठेवलं होतं. नियम मोडला तो असा.

साक्षीदार

तळाशी काय झालं हे कुणी पाहिलं नाही. मग तारीख, वेळ, क्रम हे सगळं कळलं कसं? केबलमुळेच. खोल समुद्रातली केबल बागेत पाणी द्यायच्या नळीएवढी जाड असते. तिच्यातून प्रकाश धावत असतो. तो थांबला की किनाऱ्यावरच्या केंद्राला त्याच मिनिटाला कळतं. केबल कुठे तुटली तेही दुरुस्तीच्या वेळी पक्कं होतं. एका घळईवर अशा चार-पाच केबली आडव्या असल्या आणि त्या वरून खाली ओळीनं तुटल्या, तर दोन तुटींमधलं अंतर भागिले वेळ बरोबर वेग. पाचवीचं गणित.

ही युक्ती जुनी आहे. १८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सवर ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. काही केबली लगेच तुटल्या, पण बाकीच्या नंतर, क्रमानं, आणखी आणखी खोलवर. शेवटची तुटली तेव्हा भूकंप होऊन १३ तास १७ मिनिटं झाली होती. या वेळापत्रकाचा अर्थ लागायला १९५२ उजाडलं. हीझन आणि युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी मांडलं की जमिनीचा हादरा तेरा तास चालत नाही. उतारावरून काहीतरी धावत गेलं आणि वाटेतल्या तारा तोडत गेलं. तेवीस वर्षं पुरावा तार कंपन्यांच्या नोंदवहीत पडून होता, वाचणारा नव्हता. माझ्या मते समुद्रतळाच्या भूविज्ञानातला हा सर्वांत देखणा शोध आहे, आणि तो जहाजावर नाही, टेबलाशी बसून लागला.

गाओपिंगच्या परिसरानं असा हिशोब आधीही दिला होता. २६ डिसेंबर २००६ ला तैवानच्या दक्षिण टोकाजवळ पिंगतुंगचा भूकंप झाला. त्यानंतरच्या प्रवाहांनी ९ केबली २२ ठिकाणी तोडल्या आणि दुरुस्तीला ११ जहाजांना ४९ दिवस लागले. त्यामुळे २००९ मध्ये तुटी सुरू झाल्या तेव्हा कुठे बघायचं हे जाणकारांना माहीत होतं. फरक इतकाच, की या वेळी जमीन हलली नव्हती.

टाकी

पहिला प्रवाह समजायला सोपा वाटतो. नदी गढूळ झाली, जड झाली, समुद्राखाली गेली. मुलांनी तेच सांगितलं. मी विचारलं, "किती गढूळ?" कुणाला सांगता येईना. मग हिशोब केला.

समुद्राचं पाणी खारट, घनमीटरला साधारण १,०२५ किलो. नदीचं गोडं, १,००० किलो. म्हणजे गोडं पाणी समुद्रावर तरंगणारच. त्याला बुडवायचं तर २५ किलोची भर हवी. पण २५ किलो माती टाकून भागत नाही, कारण माती आपल्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारते. खनिजकणांची घनता २,६५० धरली, तर एक किलो मातीमागे वजनात भर पडते सुमारे ०.६२ किलोची. २५ भागिले ०.६२, म्हणजे सुमारे ४०. घनमीटरमागे ४० किलो गाळ, किंवा लिटरमागे ४० ग्रॅम. बादलीभर पाण्यात जवळपास अर्धा किलो माती! गंगा-गोदावरीसारख्या मोठ्या नद्या पुरातही मुखाशी इतक्या गढूळ सहसा होत नाहीत. लांबच्या वाटेवर गाळ मैदानात पसरतो, पाण्यानं पातळ होतो. छोट्या, तीव्र उताराच्या, खिळखिळ्या डोंगरांतल्या नद्याच ही मर्यादा ओलांडतात. मोराकोटच्या पुरात गाओपिंगनं ती ओलांडली.

हिशोब पटला, पण डोळ्यांना दिसला पाहिजे. सीताबर्डीवरून तीन फुटी माशांची टाकी आणली होती. एका बाजूला काचेची पट्टी तिरपी लावून उतार केला. पंचाहत्तर लिटर पाणी, त्यात अडीच किलोहून थोडं जास्त मीठ. घरच्यांनी मिठाच्या पुड्या मोजल्या आणि काही बोलल्या नाहीत, हे मी नोंदवून ठेवतो.

माती निवडताना पहिली चूक झाली. आपली काळी माती घेतली. ती मिठाच्या पाण्यात पडताच दह्यासारखी फाटली. बारीक चिकणकण एकमेकांना धरून गोळे झाले आणि खाली बसले. खऱ्या समुद्रातही असं होतं, पण आम्हाला ते बघायचं नव्हतं. मग कन्हानच्या रेतीतली बारीक पूड वस्त्रगाळ करून घेतली.

पहिला मग लिटरमागे २० ग्रॅमचा. तांबूस पाणी उताराच्या माथ्यावर हळूच सोडलं. ते वर पसरलं, साईसारखं, टाकीच्या पलीकडच्या काचेपर्यंत. खाली स्वच्छ. "तरंगलं," उमरेडचा मुलगा म्हणाला, जरा निराश होऊन. मी काही बोलणार इतक्यात त्या सायीच्या खालच्या बाजूनं बारीक सोंडा लोंबू लागल्या. लांबून पाऊस पडताना दिसतो तशा. त्या सोंडा तळाशी पोचल्या, तिथं एकत्र झाल्या आणि उतारावरून एक पातळसा धूर सरकायला लागला.

मी पुस्तकात वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. तरंगणाऱ्या गढूळ थरातून गाळ एकेक कणानं नाही, असा लोंब्यांनी उतरतो आणि खाली पुन्हा प्रवाह बनवू शकतो. प्रयोगशाळेतल्या कामांवरून असं दिसतं, की यासाठी लिटरमागे ४० ग्रॅमची गरज नाही, काही ग्रॅमही पुरतात. म्हणजे आमच्या सुंदर हिशोबातली ४० ची रेघ दारासारखी नाही. ती ओलांडली की पाणी थेट बुडतं एवढंच. अलीकडे राहिलं तरी मागच्या दारानं जातं.

दुसरा मग ८० ग्रॅमचा. तो सोडला आणि पाणी वर थांबलंच नाही. उताराला चिकटून गोलसर डोकं काढून निघालं, मागे उसळणारे ढग, आणि दोन-तीन सेकंदांत पलीकडच्या काचेवर आदळून परत फिरलं. हिंगण्याची मुलगी मोबाइल लावून बसली होती, तिला चित्रण पुन्हा हळू करून बघावं लागलं. डोक्याच्या पुढच्या बाजूला खालून स्वच्छ पाणी आत ओढलं जाताना दिसत होतं.

मग एक गंमत. प्रवाह थांबला, माती बसायला लागली आणि तळातून गोडं पाणी मोकळं होऊन वर यायला लागलं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला भोपळा कुणी हातानं खाली दाबून धरावा आणि हात काढताच तो उसळावा, तसं. मातीनं गोड्या पाण्याला तळाशी धरून ठेवलं होतं, पकड सुटली की ते निघालं.

हाच पुरावा तैवानला खऱ्या समुद्रात मिळाला. मोराकोटनंतर तिथल्या संशोधकांना तीन हजार मीटरपेक्षा खोल तळाशी आजूबाजूपेक्षा कोमट, कमी खारट, गढूळ पाणी सापडलं. इतक्या खोल कोमट पाणी? ते नदीचं आणि किनाऱ्याजवळचं होतं, गाळाबरोबर खाली ओढलं गेलेलं. पूर तळापर्यंत उतरला, याला याहून चांगला दाखला नाही. ९ तारखेच्या प्रवाहाचं कोडं माझ्या मते इथं बऱ्यापैकी सुटतं.

उन्हात पडलेली भिंत

१२ तारखेचं नाही सुटत.

मुलांनी अंदाज लावले. लहानसा भूकंप? उशिरा आलेला दुसरा पूर? कागदावर दोन्ही नाहीत. तेव्हा अंबाझरीकडे राहणारा मुलगा बोलला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. त्याच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. ते दुपारपर्यंत उतरलं.

"सर, पाणी होतं तेव्हा मागची भिंत उभीच होती जी. चार दिवसांनी पडली. चक्क ऊन होतं. बाबा म्हणे, पावसानं पडली. आई म्हणे, पाऊस कुठं आहे?"

दोघंही बरोबर होते. भिंतीमागची माती पाण्यानं गच्च भरली. पुढच्या बाजूला पुराचं पाणी होतं तोवर त्याचाही भिंतीला टेकू होता. पूर उतरला, टेकू गेला, मागचं पाणी मात्र मातीतून निघायला दिवस लागतात. वजन तेवढंच, आधार कमी. ओसरत्या पाण्यात नदीचे काठ ढासळतात तेही यामुळेच.

समुद्रातल्या घळईच्या माथ्यावर अगदी असं होत नाही, तिथं पाणी ओसरत नाही. पण मातीतल्या पाण्याची गोष्ट तीच. पुरात नदीनं सगळाच गाळ खोलवर पोचवला नाही. बराचसा मुखाशी आणि घळईच्या माथ्यावर भराभर टाकला. हळू साचणारा गाळ दबत जातो, कणांमधलं पाणी बाहेर पडतं, कण कणाला टेकतो. काही तासांत मीटर-मीटर थर पडला की पाण्याला निघायला वाट मिळत नाही. वरचं वजन कणांवर न येता पाण्यावर येतं. दिसायला जमीन, पण आतून खिरीसारखी. अशा गाळाला तीव्र उतारावर धरून ठेवणारं फारसं काही नसतं. १२ तारखेचा प्रवाह हा ९ तारखेच्या पुरानं टाकलेल्या गाळाच्या घसरणीतून झाला असावा, असंच स्पष्टीकरण मला सर्वांत सरळ वाटतं. तो मोठा का होता, तेही त्यातून कळतं. पुराचं गढूळ पाणी म्हणजे लिटरमागे काही दशक ग्रॅम. घसरलेला थर म्हणजे जवळपास निव्वळ माती. सुरुवातच घट्ट.

इथं उमरेडच्या मुलानं अडवलं, आणि बरोबर अडवलं. "मंग तो तीन दिवस थांबला काहून? दिवसागणिक पाणी निघून गाळ घट्टच होणार ना?"

हो. म्हणूनच धोक्याची खिडकी काही दिवसांची किंवा आठवड्यांची असते, अनंत नसते. त्या काळात गाळ टोकावर बसलेला असतो आणि धक्का अगदी लहान पुरतो. नंतर तोच धक्का काही करू शकत नाही. तो लहान धक्का कशाचा, याचे उमेदवार बरेच आहेत. वाटेकरी एकच असेल असंही नाही.

एक, लाटा. वादळ निघून गेलं तरी उसळ चालू राहते. लाटेचा परिणाम तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. बारा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सव्वादोनशे मीटर, म्हणजे शंभर मीटरच्या वर खोल तळाला तिचा दाब जाणवतो. लाटेच्या माथ्याखाली दाब वाढतो, दोन लाटांमधल्या दरीखाली कमी होतो. बारा सेकंदांनी एकदा, तासाला तीनशे वेळा. ओल्या वाळूत एकाच जागी पाय आपटत राहिलं की ती पातळ होते, तसं. लाटांनी गाळ हलतो हे तेलविहिरींच्या मंचांनी मोल देऊन शिकवलं आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये कॅमिल चक्रीवादळात मिसिसिपीच्या मुखाजवळ, सुमारे शंभर मीटर पाण्यात, एक मंच कोसळला तो वाऱ्यानं नाही, पायाखालचा चिखल सरकला म्हणून.

दोन, भरती-ओहोटी. ओहोटीला वरच्या पाण्याचा दाब घटतो. आतल्या पाण्याचा दाब तितक्या लवकर घटत नाही. गाळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा वायू असेल तर त्याचे बुडबुडेही फुगतात.

याचा मोठा दाखला आफ्रिकेत आहे. काँगो नदीला २०१९ च्या डिसेंबरअखेर मोठा पूर आला. घळईतला प्रवाह सुटला १४ जानेवारी २०२० ला, दोन आठवड्यांनी, उधाणाच्या भरती-ओहोटीच्या दिवसांत. तो ११०० किलोमीटरहून लांब गेला, जाता जाता सेकंदाला पाच मीटरवरून आठ मीटरवर वेग वाढवत, आणि १६ तारखेला त्यानं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या केबली तोडल्या. तिथं वादळ नव्हतं, नदी मोठी आणि तुलनेनं निवळ, पण उशीर तसाच.

हिंगण्याच्या मुलीला वाटलं, पुराशिवाय हे होतच नाही. होतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे घळईचा माथा एका बंदराच्या तोंडाशीच आहे आणि तिला किनाऱ्यानं सरकत येणारी रेती भरते. तिथं १५ जानेवारी २०१६ ला सुटलेला प्रवाह पन्नास किलोमीटरहून लांब गेला. तळाशी मांडलेली आठशे किलोपर्यंतची उपकरणं त्यानं बरोबर ओढून नेली. मोजमापाची यंत्रंच वाहून जातात असं शास्त्र आहे हे, त्यामुळे केबलचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

निमित्त आणि कारण

आमची खरी अडचण 'ट्रिगर' या शब्दाची होती. इंग्रजी पुस्तकं तो एकच शब्द भूकंपालाही वापरतात, वादळालाही, ओहोटीलाही. मुलं तो पाठ करतात आणि मराठीत बोलतानाही तसाच ठेवतात. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि ते कुणी शिकवावे लागत नाहीत. म्हातारं माणूस पडून अंथरुणाला खिळलं आणि गेलं, की शेजारीण म्हणते, पडण्याचं निमित्त झालं. कारण वेगळं आणि निमित्त वेगळं, हे तिला माहीत असतं.

त्या दुपारी आम्ही कागद पुन्हा केला. ९ ऑगस्टच्या पुढे लिहिलं: कारण आणि निमित्त दोन्ही वादळच. पुरानं पाणी जड केलं आणि तेच पाणी गेलं. १२ ऑगस्टच्या पुढे: कारण वादळ, निमित्त माहीत नाही, लहानच असणार. २००६ च्या पुढे: निमित्त भूकंप, कारण वर्षानुवर्षं नद्यांनी साचवलेला गाळ. खाणीतली भाषा बोलायची तर सुरुंग भरणारा एक आणि बत्ती लावणारा दुसरा. कधी दोन्ही कामं एकच माणूस करतो.

अभ्यासकांत या वाटणीवर एकमत आहे असं समजू नये. पुराचं पाणी खरंच थेट बुडतं, की आधी गाळ टाकतं आणि तो लगोलग घसरतो, हे प्रत्येक घळईत वेगळं निघतं. मी स्वतः थेट बुडण्याच्या सिद्धांतावर पूर्वी जास्त विसंबायचो. आता तितका नाही. टाकीतल्या त्या लोंब्यांनी माझं मत हलवलं, आकड्यांनी नाही.

याचा व्यवहारात उपयोग आहे. केबलीवर देखरेख करणारा माणूस वादळाचा इशारा उतरला की सुस्कारा सोडत असेल, तर गाओपिंगनं त्याला सांगितलंय की जोखीम नदीच्या पातळीवरून मोजू नकोस, माथ्यावर किती गाळ नव्यानं पडला त्यावरून मोज.

आपल्याकडे

नाग नदीचा गाळ कुठे जातो, हे भंडाऱ्याच्या मुलीनं विचारलं. नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. कागदावर वाट मोकळी दिसते. प्रत्यक्षात मध्ये धरणं आहेत आणि मैदानं आहेत, त्यामुळे अंबाझरीची माती आपल्या हयातीत समुद्राचा तळ गाठेल असं वाटत नाही. तिच्या घराजवळच गोसेखुर्दचा जलाशय आहे, तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पण उपसागरात आपली अशी घळई आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखासमोर, बांगलादेशाच्या उथळ समुद्रात, 'स्वॅच ऑफ नो ग्राउंड'. जहाजवाल्यांच्या दोरीला जिथं तळ लागत नसे, म्हणून हे नाव. त्या दोन नद्या वर्षाला सुमारे अब्ज टन गाळ आणतात आणि त्यातला मोठा वाटा या घळईकडे सरकतो. तिच्या माथ्यातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांत खाली जाड आणि वर बारीक असे थर एकावर एक मिळतात आणि संशोधकांनी ते उपसागरातल्या चक्रीवादळांशी जोडले आहेत. पूर नव्हे, लाटा. पावसाळ्यात नद्या गाळ उथळ समुद्रात आणून टाकतात, चक्रीवादळं तो हलवून घळईत लोटतात. भरणारा पावसाळा, बत्ती लावणारं वादळ. इथं वाटणी तैवानच्या बरोबर उलटी आहे, आणि पुढच्या महिन्याचं प्रकरण तेच ठरलं.

टाकी मी रविवारी रिकामी केली नाही. खारं पाणी बागेत ओतता येत नाही आणि मोरीपर्यंत वाहून नेण्याइतकी मुलं थांबली नाहीत. शेवटचा मग लिटरमागे दोनशे ग्रॅमचा होता, त्याचा जाड थर काचेच्या उताराच्या माथ्यावर बसून होता. मंगळवारी सकाळी मावशी फरशी पुसत असताना त्यांची बादली टेबलाच्या पायाला लागली. अगदी हलकी. मी बाहेर पेपर वाचत होतो.

"सर," त्या आतून म्हणाल्या, "तुमचं पाणी आपोआप गढूळ झालं. म्या काई नाई केलं."